आबांच्या गाळलेल्या ओळी

आबा, तुमची ओळ सापडली. काल दुपारी, धुळ्यात देवपूरच्या लॅबमध्ये, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले असताना. तेव्हापासून ती किती वेळा वाचली ते सांगता यायचं नाही. कागदावर छापून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. मग घडीवरची अक्षरं पुसतील अशी धास्ती वाटली म्हणून दुसरी प्रत काढली. ती टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप नाही म्हणून तिसरी काढली. तुम्ही असता तर म्हणाला असता, ताई, तार एकदा गेली की गेली, तिच्यामागे धावायचं नसतं. तुमचं ठीक होतं, तुम्ही तीस वर्षं तार ऑफिसात काढली होती. मला अजून गेलेल्या गोष्टींच्या मागे धावायची खोड आहे.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. उद्या जळगावला मीटिंग आहे आणि मी पर्समधली प्रत सारखी काढून बघतेय. आई सकाळी दोनदा विचारून गेली, काय झालंय म्हणून. तेव्हा काय सांगणार होते तिला? हे सगळं ज्याला सांगितल्यावर लगेच कळलं असतं, असा माणूस एकच होता.

आपली ओळख आधी शनिवारच्या फ्लॉपीमुळे झाली, चेहऱ्यानं फार नंतर. संस्थेची दोन कॉलेजं, एक जळगावात, एक धुळ्यात, आणि दोन्हीकडे ई-मेलचं एकेक मशीन नवंनवं आलेलं. जळगावचं तुमच्या ताब्यात, धुळ्याचं माझ्या. तुम्ही तारेतून निवृत्त होऊन आलेले एकसष्ट वर्षांचे, मी नोकरीत कच्ची, हंगामी. आईला मी हे काम समजावून सांगायचे तेव्हा तुमचेच शब्द वापरायचे: मशीन म्हणजे पोस्टमन, पण असा की तो प्रत्येक पत्रामागे वहीत एक ओळ लिहितो. कधी आलं, कुणाचं, कुणाला, गेलं की अडकलं. त्या वहीला लॉग म्हणायचं. आई म्हणायची, मग वही वाचायला तुला एवढं शिकवलं का?

अडचण अशी होती की दोन पोस्टमन दोन तऱ्हेचे निघाले. तुमचं मशीन आधी महिना लिहायचं, मग तारीख, आणि वर्ष लिहायचंच नाही. माझं मशीन वर्ष लिहायचं, पण वेळ इंग्लंडची लावायचं, आपल्याहून साडेपाच तास मागची. एकाची ओळ लांबलचक, दुसऱ्याची स्वल्पविरामांनी तोडलेली. सचिवसाहेबांना दर महिन्याला दोन्ही कॉलेजांचा मिळून एक अहवाल हवा होता. तो द्यायचा तर सगळ्या ओळी एका साच्यात बसवणं भाग होतं. मग मी प्रोग्राम लिहिला. दोन्ही लॉग त्यात घालायचे, तो प्रत्येक ओळीचे सात रकाने करायचा आणि शेवटी सगळ्या ओळी वेळेच्या क्रमानं लावून द्यायचा. पहिल्यांदा तो नीट चालला त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना भजी खाऊ घातली होती. एवढा गर्व मला नंतर कशाचाच झाला नाही.

तुमचा लॉग फोनवरून पाठवायचा आम्ही एकदा प्रयत्न केला, लाईन तीनदा तुटली. तुम्ही म्हणालात, पोस्टमनची तक्रार पोस्टमनच्याच हाती कशाला द्यायची? तेव्हापासून दर शनिवारी दुपारच्या धुळे गाडीच्या कंडक्टरकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्लॉपी यायची, आणि तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तुमच्या अक्कांच्या हातच्या बिबड्या, ते ज्वारीचे पापड. मी स्टँडवर जाऊन पिशवी घ्यायची, रिक्षात बसून एक बिबडी मोडायची आणि पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत ती संपवायची. बिबड्या पोचल्या हे मात्र मी तुम्हाला कधी कळवलं नाही. कळवायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा जळगावला आले तो दिवस आठवतो का? तुमच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बघून माझी घाबरगुंडी उडाली. परतीची गाडी चुकली असं समजून मी उन्हात स्टँडपर्यंत जवळजवळ पळत गेले, आणि तिथे गाडी लागलेलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी फोनवर तुम्ही पोटभर हसलात. ते घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे असतं, म्हणालात. भुसावळ आणि अमळनेरहून पॅसेंजरनं येणारी मंडळी उशीर करतात म्हणून प्राचार्यांनी ते मुद्दाम पुढे लावून ठेवलंय. त्याचा उपयोग काय, मी विचारलं, सगळ्यांना ठाऊक असेल तर? काही नाही, तुम्ही म्हणालात, सगळे मनातल्या मनात पंचवीस वजा करतात आणि पूर्वीइतकाच उशीर करतात.

म्हणजे मला ते ठाऊक होतं, आबा. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे लिहायचा धीर होणार नाही.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून चालायचं. तुमचं म्हणणं, नवी ओळ तयार केली तरी मूळची ओळ तिच्या शेजारी राहू दे. माझं म्हणणं, डिस्कमध्ये जागा कुठे आहे? आणि एकदा अर्थ काढून घेतल्यावर टरफलं कशाला जपायची? तुमचं मशीन जागेअभावी दर शनिवारी लॉग कोरा करायचं, आणि तुमच्या आलेल्या फ्लॉपीसुद्धा मी पुसून पुन्हा वापरायचे, कारण आमच्याकडे फ्लॉपींची कायम चणचण. एकदा तुम्ही विचारलं, साच्यात न बसणाऱ्या ओळींचं काय करतेस? मी ऐटीत सांगितलं, टाकून देते, तो कचरा असतो. तुम्ही एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायचात, पण मनातलं आलं की तुमची अहिराणी बाहेर पडायची. तशी ती तेव्हा पडली, "पोरी, जे आपले वाचता येस नही, ते बठ्ठं कचराच ऱ्हास का?"

मी हसले होते. वाचता न येणारं सगळं कचराच असतं का? त्याचं उत्तर अजून द्यायचं बाकी आहे.

मग तो परीक्षेच्या याद्यांचा दिवस आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांची यादी धुळ्याच्या मुख्य कार्यालयाला पाचच्या आत मेलनं पाठवायची होती. फोनची लाईन बेभरवशाची म्हणून नियमच केला होता: यादी पोचली कधी ते बघायचं नाही, पाठवणाऱ्या मशीननं ती पाचच्या आत घेतल्याची नोंद असली की झालं. तुमची यादी धुळ्याला पोचली सहाच्या सुमारास. तुम्ही म्हणालात, मी पावणेपाचलाच पाठवली, लाईन मेली होती. माझा अहवाल म्हणाला, पाच वाजून बारा मिनिटं. मुलांचं अर्ज-विनंत्या करून निभावलं. पण यादी उशिरा का गेली याचा जाब कुणीतरी द्यायला हवा होता, आणि देवपूरच्या कार्यालयात तुम्हाला बोलावून घेतलं.

त्या खोलीत तुम्ही टोपी मांडीवर घेऊन बसला होतात. तुम्ही सांगितलं की लाईट गेली होती. आल्यावर मशीन नेहमीसारखं १९८० साल दाखवत होतं, कारण त्याच्या आतला सेल गेलेला. हातातलं घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं, यादी खोळंबलेली. तुम्ही घाईत भिंतीवरच्या घड्याळाची वेळ मशीनला दिली, यादी पाठवली, आणि वॉचमनचा रेडिओ आणून पाचच्या ठोक्याला वेळ सुधारली. तसं लॉगमध्येच लिहून ठेवलंय, तुम्ही म्हणालात. तुमचे प्राचार्य म्हणाले, मशीन काही भिंतीवरचं घड्याळ बघत नाही. मग सचिवसाहेब माझ्याकडे वळले.

"मॅडम, लॉगच्या सगळ्या ओळी तुमच्या अहवालात आल्यात ना?"

"हो सर," मी म्हणाले. "सगळ्या."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही, एवढंच मला सांगता येईल. ते पाहणं मी त्यानंतर रोज आठवते आणि त्याचा अर्थ लागत नाही. भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी माझं सगळं लक्ष माझ्या प्रोग्रामवर कुणी बोट ठेवू नये इकडे लागलं होतं. तुम्ही खोटं बोलताय असं मला एकदाही वाटलं नाही. वयानुसार तुमचा काहीतरी घोळ झाला असेल, असं मात्र वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

कामात कसूर, असा शेरा लागला आणि पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं. निघताना तुम्ही मला एवढंच विचारलंत, शनिवारची फ्लॉपी आता कुणाकडे द्यायची. मी म्हणाले, बघू. त्यानंतर अडीच महिने मी तुम्हाला फोन केला नाही. आज करू, उद्या करू, रविवारी निवांत करू. फोन तुमच्या शेजाऱ्यांकडे होता, उगाच त्यांना त्रास, असंही एक कारण मी शोधून ठेवलं होतं. शेवटी फोन आला तो जळगावहून येणाऱ्या आमच्या एका प्राध्यापकांचा, तुमचं हृदय थांबल्याचा.

पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी आले. दार उघडंच होतं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कोण ते सांगायची वेळ आली नाही, कारण मी चपला काढत असतानाच त्या उठल्या आणि आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

"तेसनी सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या, "हाऊ डबा धुळानी ताईलेच देजो."

डब्यात फ्लॉप्या होत्या. प्रत्येकीवर तारीख, तारवाल्यांच्या त्या उभ्या, ठसठशीत अक्षरात. मला पाठवलेल्या प्रत्येक फ्लॉपीची तुम्ही एक प्रत घरी ठेवत होतात. तार ऑफिसात कार्बन घातल्याशिवाय हात चालायचा नाही, तुम्ही एकदा म्हणाला होतात. मी डबा मांडीवर घेऊन धुळ्यापर्यंत आले आणि मग तीन दिवस तो उघडला नाही. कारण उघडल्यावर काय निघेल याची मला आतून कल्पना होती, आबा. माणूस इतका भित्रा असतो हे मला स्वतःवरून कळलं.

काल उघडला. प्रोग्रामला हात लावला नाही, फाईल सरळ पडद्यावर घेतली आणि ओळीमागून ओळ डोळ्यांनी वाचत गेले. आणि मशीनच्या ओळींच्या मध्येमध्ये तुमच्या ओळी दिसायला लागल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली अहिराणी, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला दोन आडव्या दोन उभ्या रेघांची # ही खूण. ती खूण कुणी शिकवली तुम्हाला? मीच. मीच फोनवर सांगितलं होतं की माणसानं लिहिलेली टीप असली की आधी ही खूण करतात. आणि ती खूण दिसली की ओळ टाकून दे, हे माझ्याच प्रोग्राममध्ये चौथ्या ओळीवर लिहिलेलं आहे. न समजणाऱ्या ओळींबरोबर तुमच्या ओळीही तो दर शनिवारी गाळत होता आणि किती गाळल्या ते मला सांगतही नव्हता, कारण मी त्याला सांगायला लावलं नव्हतं.

लाईट गयी. लाईट ऊनी. टेलिफोन लाईन मरेल शे. मशीननं परत १९८० दखाडं, मी सुधारं. अशा कितीतरी. आणि मधूनच एखादी अशी: ताई, बिबड्या पोच्यात का? ती ओळ तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा आहे. मी लॅबमध्ये एकटी होते म्हणून बरं झालं.

मग त्या दिवसाची फाईल आली. लाईट ऊनी, घाईमा भितवरला घड्यायना टाईम टाका, तो २५ मिनिट पुढे शे. त्याच्या खाली यादीची ओळ, पाच वाजून बारा मिनिटं. पाच बारातून पंचवीस गेले, राहिले चार सत्तेचाळीस. तिच्या खाली पुन्हा तुम्ही: रेडिओवर पाच वाजनात, टाईम सुधारा. आणि त्यानंतरची मशीनची ओळ पाच वाजून एक मिनिटाची. पाच बाराच्या खाली पाच एक. घड्याळ मागे आल्याचं लॉगमध्ये उघड दिसत होतं, आंधळ्यालाही दिसावं. पण माझ्या प्रोग्रामनं ओळी वेळेच्या क्रमानं लावल्या. पाच एक वर गेली, पाच बारा खाली आली, सगळं कसं सुरळीत. मूळची ओळ मूळच्या जागी राहू दे, असं तुम्ही वर्षभर घसा कोरडा करून सांगत होतात ते यासाठी.

इथवर मी फक्त स्वतःवर चिडले होते. नंतर तुमच्यावर चिडले. प्रत तुमच्या घरी होती! त्या खोलीत माझ्याकडे बघत बसलात त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी डबा आणून टेबलावर आपटला असता तर? शेरा पुसला गेला असता. ताठ मानेनं काम करत राहिला असता. अक्कांना लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या नसत्या. मी खरंच बडबडत होते लॅबमध्ये, कुणी ऐकलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. मग डब्यातली शेवटची फ्लॉपी घातली. तारीख तुमच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची. ती शनिवारी आलीच नव्हती, तुम्ही पाठवलीच नव्हती. तिच्यात सगळ्यात खाली एक ओळ होती.

"ताई, प्रोग्राम चांगला शे. ज्या ओळी तुले समजतीन नही त्या टाकू नको, बाजूले ठेव. आते काही बोलू नको. तुनी ऑर्डर निंघू दे, मंग सांगजो."

माझी कायम होण्याची ऑर्डर. ती निघायची होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? मीच, आणखी कोण. फोनवर दुसरं बोलायचेच काय मी? अहवाल चुकला असं तेव्हा सिद्ध झालं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे तुम्ही हिशेबात धरलंत आणि स्वतःवरचा शेरा तसाच राहू दिलात. मला विचारलं नाही. असं कुणी करतं का, आबा? मी आयुष्यभर कुणाचं एवढं देणं लागू नये अशी काळजी घेत आले, आणि तुम्ही मला न विचारता हे करून ठेवलंत, वर हिशेब मिटवायला हजरही राहिला नाहीत. राग येतो. तुमचा आवाज ऐकावासा वाटतो. बिबड्या पोचल्या, आबा. सगळ्या पोचल्या. एकही मोडली नव्हती, मीच मोडायचे.

उद्याच्या मीटिंगमध्ये ती ऑर्डर आहे. शिफारशीच्या पत्रात माझं कौतुक लिहिलंय, आणि नमुना म्हणून काय जोडलंय सांगू? तोच अहवाल. यादीच्या विलंबाची जबाबदारी या अहवालामुळे निश्चित करता आली, असं वाक्य आहे त्यात. आईला आज दुपारी शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी ऑर्डर हातात पडू दे, मग सांग. तुम्ही दोघं कधी भेटला नाहीत, आणि बोललात मात्र एकच. दोघांचंही ऐकायचं नाही असं मी ठरवलंय. बाबा गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही गप्प बसलात, हेही आता मला कळतं. पण ऑर्डर निघाल्यावर सांगितलं तर ती त्याच अहवालावर निघालेली असेल, आणि मग मी रोज त्या खुर्चीत बसणार कशी?

काल संध्याकाळी प्रोग्राम सुधारला. आता तो मूळची ओळ मूळच्या क्रमानं शेजारी ठेवतो. जी ओळ समजत नाही ती वेगळ्या फाईलमध्ये काढतो, आणि काम संपल्यावर पडद्यावर सांगतो की इतक्या ओळी मला समजल्या नाहीत, कृपया वाचा. त्या 'कृपया'ला तुम्ही हसला असता. नवा अहवाल छापला, जुन्याची चूक माझी आहे असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, खाली सही केली. एक प्रत अक्कांना पोस्टानं पाठवली, साध्या पोस्टानं, तिकीट लावून. त्या वाचतील की नाही ठाऊक नाही, पण तुमच्या घरात एक प्रत असायला हवी.

तुमच्या कॉम्प्युटर रूममध्ये कूलर आहे म्हणून उन्हाळ्यात मीटिंगा तिथेच होतात. चिठ्ठीत वेळ अकरा लिहिलीय. मी सहाच्या गाडीनं निघणार आहे. सगळे बसले की माझं नाव यायच्या आत मी उभी राहीन आणि एवढंच विचारीन, किती वाजले? ते सवयीनं भिंतीवरच्या त्याच घड्याळाकडे बघतील. प्राचार्यसुद्धा बघतील. सगळे मनातल्या मनात पंचवीस वजा करतील आणि खरी वेळ सांगतील. मग मी तुमची ओळ वाचून दाखवीन.